पियानोवादनातील विस्तृत स्वरमेळ

पियानोवादनातील विस्तृत स्वरमेळ : एकाच हाताने एकाच वेळी वाजवावयाचे, परंतु अंगठा व करंगळी यांच्यामधील ताणाच्या कक्षेबाहेर जाणारे स्वरमेळ. पाश्चात्त्य संगीतात तीन वा अधिक स्वर एकाच क्षणी उमटविण्यास कॉर्ड अथवा स्वरमेळ म्हणतात. पियानोसाठी रचलेल्या संगीतात हाताला न पेलणारे स्वरमेळ सु. १८३० नंतर मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. ते कसे वाजवावेत, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ वादनतंत्राचा वाटतो. तथापि वाद्याचे माप कसे ठरले, रचना कोणाच्या हातांना अनुसरून झाल्या आणि त्या मापात न बसणाऱ्या वादकांच्या वाट्यास काय आले, हे प्रश्नही त्यात गुंतलेले आहेत.

प्रचलित पियानोच्या एका पांढऱ्या पट्टीची रुंदी सु. २३·५ मिमी. असून एका सप्तकातील सात पांढऱ्या पट्ट्यांनी सु. १६·५ सेंमी. जागा व्यापली जाते. स्वरांतर मोजताना पाश्चात्त्य पद्धतीत आरंभीचा व शेवटचा असे दोन्ही स्वर धरतात. त्यामुळे ‘सी’पासून वरच्या ‘सी’पर्यंतचे अंतर अष्टम, त्यापुढील ‘डी’पर्यंतचे नवम व ‘ई’पर्यंतचे दशम होय. पट्ट्यांच्या मध्यापासून मोजल्यास अष्टमासाठी सु. १६·५, नवमासाठी १८·८, दशमासाठी २१ व द्वादशासाठी जवळजवळ २६ सेंमी. एवढा ताण लागतो. बहुतेक प्रौढ हातांना अष्टम सुखाने साधते. नवम अनेकांना, तर दशम थोड्यांनाच साधते, त्यातही दोन्ही टोकांना पांढऱ्या पट्ट्या असलेले दशम सोपे, तर एक टोक काळ्या व दुसरे पांढऱ्या पट्टीवर असलेले (उदा., ‘ई फ्लॅट’ ते ‘जी’) दशम अवघड असते. शिवाय केवळ टोकाचे स्वर गाठून भागत नाही. मधली बोटे आपापल्या पट्ट्यांवर नेमकी पडावी लागतात आणि हात पूर्ण ताणला गेला की, बोटांतील बळ व लवचिकपणा दोन्ही घटतात. म्हणून एखाद्या वादकास दशम ‘पोहोचते’ आणि तो ते ‘वाजवितो’, यांत बरेच अंतर आहे.

पट्ट्यांचे हे माप प्रारंभापासून ठरलेले नव्हते. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी (१६५५–१७३१) याने फ्लॉरेन्स येथे १७०० च्या सुमारास पहिला पियानो तयार केला, तेव्हा व त्यानंतरही दीर्घ काळ निरनिराळ्या कारागिरांची मापे निरनिराळी असत. अठराव्या शतकातील अनेक हार्पसिकॉर्ड व व्हिएन्नातील पियानो यांचे सप्तक आजच्यापेक्षा अर्ध्या सेंमी.च्या आसपास अरुंद आढळते. त्याहूनही लक्षणीय युक्ती म्हणजे जुन्या वाद्यांतील ‘आखूड सप्तक’ होय. खर्जाच्या टोकाला क्वचित लागणारे काळ्या पट्ट्यांचे स्वर गाळून तेथे अधिक उपयुक्त स्वर बसवीत. परिणामी जी सर्वांत खालची पट्टी दिसावयास ‘ई’ची असे, ती प्रत्यक्षात त्याखालचा ‘सी’ वाजवी. अशा वाद्यावर डाव्या हाताला ‘सी’ ते ‘ई’ हे दशम वाजविण्यास अष्टमाएवढाच ताण पुरे. हायडन (१७३२–१८०९) याच्या १७६५ मधील जी मेजर काप्रिचिओ या रचनेत डाव्या हातासाठी असा एक स्वरमेळ आहे की, तो व्हिएन्नाकडील विशिष्ट आखूड सप्तकावरच जसाच्या तसा वाजतो. आजच्या कळफलकावर तो कोणत्याही सामान्य हातास अशक्य आहे. म्हणजे आज जे हाताचे उणेपण भासते, ते रचनाकाराच्या मनातही नव्हते. मध्यंतरी बदलले ते वाद्य. बाख (१६८५–१७५०) याच्या १७२२ मधील प्रिल्यूड व फ्यूग यांच्या संग्रहातील ए मायनर फ्यूगच्या अखेरीसही खर्जातील एक दीर्घ स्वर असा आहे की, वरचे स्वर वाजवीत असता तो दोन हातांनी धरून ठेवता येत नाही. पायाने वाजवावयाच्या पट्ट्या असलेले वाद्य तेथे अभिप्रेत असावे, असे अभ्यासक मानतात.

पियानोच्या बाबतीत ही अडचण दूर केली ती पेडलने. पट्टी सोडताच नमद्याची गादी तारेवर टेकून नाद थांबतो. उजवे पेडल दाबले असता या साऱ्या गाद्या उचलल्या जातात व बोट काढून घेतल्यावरही स्वर घुमत राहतो. आरंभी हे काम गुडघ्याने ढकलावयाच्या दांडीने होई. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पायाने दाबावयाचे पेडल रूढ होत गेले. त्यामुळे हाताला जे एकाच क्षणी कवेत घेता येत नाही, ते एकापाठोपाठ वाजवून कानाला एकत्र ऐकविता येते, हा नवा शोध रचनाकारांना लागला. आयरिश वादक जॉन फील्ड (१७८२–१८३७) याच्या नॉक्टर्नांमध्ये डावा हात खर्जातील एक स्वर वाजवून तो पेडलवर सोडतो आणि मधल्या सप्तकात सरकून उरलेले स्वर पुरवितो. शोपँ (१८१०–४९) याने या पद्धतीस परिपूर्णता आणली. १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दहाव्या ओपसमधील पहिला एट्यूड उजव्या हाताच्या दशम व त्याहून रुंद उकललेल्या स्वरमेळांवर रचला आहे, तर अकराव्या एट्यूडमध्ये दोन्ही हातांचे जवळजवळ सर्व स्वरमेळ वीणेच्या झंकाराप्रमाणे खालून वर उकलत जातात व चाल त्यांच्या शिखरावर तरंगते. स्वतः शोपँचा हात लहानसर होता. त्याच्या मृत्यूनंतर शिल्पकार क्लेझँजे याने घेतलेल्या त्याच्या डाव्या हाताच्या साच्यावरूनही हे दिसते. त्याचा समकालीन श्टेफान हेलर याने मात्र हा लहान हात कळफलकावर अकस्मात केवढा पसरत असे, याचे नवल नोंदवून ठेवले आहे. लवचिकपणा आणि आकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

स्वरमेळ उकलून वाजविण्याची खूण म्हणजे स्वरलेखनात स्वरमेळाच्या डावीकडे काढलेली उभी नागमोडी रेघ. ती दोन्ही हातांच्या पट्टांवरून सलग गेली असेल, तर सर्वांत खालच्या स्वरापासून सर्वांत वरच्यापर्यंत ओळीने जावयाचे. तुटक असेल, तर दोन्ही हातांनी एकदमच आरंभ करावयाचा. रचनाकाराने ही खूण दिलेली नसतानाही हात अपुरा पडल्यामुळे वादकास स्वरमेळ उकलावा लागतो, तेव्हा खरा विवेक लागतो. पहिला प्रश्न असा की, तालाच्या ठोक्यावर कोणता स्वर पडावा? खर्जाचा स्वर ठोक्यावर ठेवला, तर वरची चाल किंचित मागे पडते. उलट चालीचा स्वर ठोक्यावर हवा असेल, तर खर्जाचा स्वर त्याआधी निसटता वाजवावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य रचनांत चाल वर असल्याने दुसरा मार्ग पुष्कळदा श्रेयस्कर ठरतो. पण त्यात पेडलची कसोटी लागते. पेडल खर्जाचा स्वर उमटल्यानंतर आणि बोट त्या पट्टीवरून उठण्यापूर्वी दाबले गेले पाहिजे. ते लवकर दाबले, तर आधीच्या स्वरमेळाचा नाद नव्यात मिसळून गढूळपणा येतो. उशिरा दाबले, तर ज्याच्या आधारावर सारा स्वरमेळ उभा आहे, तो खर्जच नाहीसा होतो. नवशिक्या वादकांच्या हातून घडणारा हा सर्वांत सामान्य दोष होय आणि तो हाताच्या नव्हे, तर कानाच्या व पायाच्या शिक्षणाने दूर होतो. उकलण्याचा वेगही प्रसंगानुसार असावा. गंभीर, घणघणीत स्वरमेळ सावकाश उकलला, तर त्याचे गांभीर्यच नष्ट होते.

दुसरा उपाय हातांमध्ये स्वरांची फेरवाटणी करण्याचा. डाव्या हाताच्या स्वरमेळातील सर्वांत वरचा स्वर उजव्या हाताच्या अंगठ्याला मोकळीक असल्यास त्याने घ्यावा, किंवा याच्या उलट करावे. स्वरलेखनात कोणता स्वर कोणत्या पट्टावर लिहिला आहे, यावरून तो कोणत्या हाताने वाजवावा हे सुचते. पण श्रोत्याच्या कानाला हात दिसत नाहीत. शेजारच्या दोन पांढऱ्या पट्ट्या एकाच अंगठ्याने आडव्या दाबणे, हीदेखील याच वर्गातील जुनी युक्ती होय. याही उपायांनी निभावले नाही, तर स्वर गाळावा लागतो. गाळताना स्वरमेळाचा आधारभूत खर्ज आणि त्याचे मेजर वा मायनर स्वरूप ठरविणारा तिसरा स्वर यांना हात लावावयाचा नसतो. दुसऱ्या सप्तकात पुन्हा आलेला स्वर किंवा पाचवा स्वर गाळल्यास तो फारसा जाणवत नाही. काही शिक्षक गाळणे हा रचनाकाराचा अवमान मानतात. परंतु सर्व स्वर कसेबसे गाठण्याच्या खटपटीत ताल मोडणे व चाल दबणे यापेक्षा एखादा अंतर्गत स्वर सोडणे रचनेच्या हेतूस अधिक जवळचे आहे. शिवाय एकोणिसाव्या शतकात वाढलेल्या वादकांची जी ध्वनिमुद्रणे व पियानो रोल उपलब्ध आहेत, उदा., कार्ल राइनेके (१८२४–१९१०) व टेओडोर लेशेटिट्स्की (१८३०–१९१५) यांचे रोल, त्यांत सहज पोहोचणारे स्वरमेळही ते भावाभिव्यक्तीसाठी मुक्तपणे उकलताना ऐकू येतात. सर्व स्वर काटेकोरपणे एकदमच पडले पाहिजेत, हा दंडक मुख्यतः विसाव्या शतकातील आहे.

फ्रांझ लिस्ट (१८११–८६) याच्या नावाशी विस्तृत स्वरमेळांची कल्पना विशेष निगडित झाली आहे. १८३७ मध्ये पॅरिसमध्ये त्याची आणि झीगिस्मुंट थालबेर्क (१८१२–७१) याची वादनस्पर्धा गाजली. थालबेर्कची ख्याती होती ती तीन हातांचा भास निर्माण करण्याबद्दल. मधल्या सप्तकातील चाल तो दोन्ही अंगठ्यांत वाटून घेई आणि इतर बोटांनी तिच्या खाली-वर स्वरांची जाळी विणत राही. म्हणजे फेरवाटणीचे तत्त्वच त्याने शैलीच्या पदवीस नेले होते. लिस्टच्या बाबतीत अधिक बोलकी हकीकत वेगळी आहे. १८३७ मध्ये त्याने लिहिलेल्या बारा अत्यंत बिकट एट्यूडांची फेरमांडणी त्याने १८५१ मध्ये केली, ते आज ट्रान्सेंडेंटल एट्यूड्‌स या नावाने ओळखले जातात. या फेरमांडणीत दशमाहून रुंद असे सर्व ताण त्याने काढून टाकले. जाहीर मैफली सोडून तो तेव्हा वायमार येथे स्थायिक झालेला होता व त्याच्याभोवती शिष्य जमले होते. स्वतःच्या हाताने साधते ते इतरांच्या हाताने साधेलच असे नाही, याची ही पियानोच्या सर्वांत थोर वादकाने दिलेली कबुली म्हणावी लागेल.

ही सुज्ञता सर्वत्र नव्हती. त्या शतकात मध्यमवर्गीय घराघरांत पियानो पोहोचला, शिकणाऱ्यांत मुली व तरुण स्त्रियाच अधिक होत्या, आणि हाताला वळण लावणारी यंत्रे बाजारात आली. योहान लोगियेर याचे हात एका चौकटीत बसविणारे ‘कायरोप्लास्ट’ हे उपकरण १८१४ मधील, तर आंरी एर्झ याचे स्प्रिंगांचे ‘डॅक्टिलिऑन’ १८३६ मधील. रोबेर्ट शूमान (१८१०–५६) यानेही बोटांसाठी असेच एक साधन वापरले होते. १८३२ पर्यंत त्याच्या उजव्या हाताचे मधले बोट निकामी झाले व वादक होण्याची त्याची आशा संपली. हे त्या साधनामुळे झाले, की स्नायूंच्या वा मज्जातंतूंच्या अन्य विकारामुळे, यावर आजही मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनामिकेला शेजारच्या बोटांशी जखडणारे स्नायुबंध शस्त्रक्रियेने कापण्यापर्यंत अमेरिकेत मजल गेली. हाताचा आवाका हाडांच्या लांबीवर अवलंबून असतो. सरावाने बोटांमधील त्वचा व स्नायू काहीसे सैल होतात. परंतु वाढ पूर्ण झालेल्या हातास बळाने ताण देण्याची परिणती बहुधा दुखापतीतच होते.

मॉस्कोच्या संगीतशाळेत एकाच सुमारास शिकलेल्या दोन रशियन रचनाकारांच्या हातांत या इतिहासाची दोन टोके दिसतात. सेर्गेई रखमानिनोव्ह (१८७३–१९४३) याचा डावा हात ‘सी’पासून पुढच्या सप्तकातील ‘जी’पर्यंत, म्हणजे द्वादशापर्यंत, स्वरमेळ धरू शके. त्याची उंची व लांब बोटे पाहून त्यास मार्फान लक्षणसमूह असावा, असा तर्क १९८६ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडण्यात आला. तो सर्वमान्य नाही. त्याच्या दुसऱ्या पियानो कंचेर्टोचा (१९०१) आरंभ एकट्या पियानोच्या, दूरच्या घंटानादासारख्या क्रमशः वाढत जाणाऱ्या स्वरमेळांनी होतो. त्यांत डाव्या हाताला दशमाचा ताण लागतो. ज्यांना तो साधत नाही, ते खर्ज आधी वाजवून पेडलवर धरतात किंवा वरचा स्वर उजव्या अंगठ्याकडे देतात. घंटेचा ठोका फुटू न देता हे करणे ही येथील खरी परीक्षा. अलेक्सांद्र स्क्र्याबिन (१८७२–१९१५) याचा हात याउलट लहान होता. अवघड रचनांच्या अतिसरावाने १८९१ मध्ये त्याचा उजवा हात दुखावला. त्या काळात डाव्या हातावर घेतलेल्या परिश्रमांतूनच पुढे केवळ डाव्या हातासाठी लिहिलेली त्याची प्रिल्यूड व नॉक्टर्न ही जोडरचना (१८९४) निर्माण झाली. त्याने १९१२ मध्ये सलग नवमांचा एक एट्यूड लिहिला, तो मात्र त्याच्या स्वतःच्या हाताला पेलणारा नव्हता. कल्पनेला हाताची मर्यादा घालण्यास तो तयार नव्हता, असेच म्हणावे लागते.

लहान हात म्हणजे मर्यादित वादक, असे समीकरण मात्र मांडता येत नाही. स्पॅनिश वादक अलिथिया दे लारोचा (१९२३–२००९) यांची उंची पाच फुटांहून कमी होती. आल्बेनिथ याच्या इबेरिया या दुर्घट रचनेच्या त्या अधिकारी वादक मानल्या गेल्या आणि रखमानिनोव्हचा तिसरा कंचेर्टोही त्यांनी ध्वनिमुद्रित केला. हा तिसरा कंचेर्टो (१९०९) ज्यास अर्पण केलेला आहे, त्या योझेफ हॉफमान (१८७६–१९५७) याने तो कधीच जाहीररीत्या वाजविला नाही. त्याचे हात लहान होते, हे कारण नेहमी पुढे केले जाते. पण आपल्या प्रकृतीशी ही रचना जुळत नाही, असेच त्याचे मत असल्याचे सांगतात.

जॅझ संगीतात हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सुटला. फॅट्‌स वॉलर (१९०४–४३), आर्ट टेटम (१९०९–५६) व टेडी विल्सन (१९१२–८६) यांच्या डाव्या हाताची दशमे ही त्या शैलीची ओळखच होती. ज्यांचा हात पोहोचत नसे, ते तीच दशमे झटकन उकलून वाजवीत व त्या उकलीलाही स्वतःची लय लाभे. अमेरिकन रचनाकार चार्ल्‌स आइव्ह्‌ज (१८७४–१९५४) याने तर काँकॉर्ड सोनाटामध्ये पावणेपंधरा इंच लांबीची लाकडी पट्टी वापरून स्वरांचा पुंजका दाबण्याची सूचना केली आहे. आपल्याकडील हार्मोनियमवादनात हा प्रश्न उद्‌भवला नाही, कारण एक हात भात्यावर गुंतलेला असतो आणि रागसंगीताला स्वरमेळांची गरजही नसते. पट्ट्या जवळजवळ तशाच असूनही त्यांवरचे संगीत वेगळे, म्हणून हाताकडून होणारी मागणीही वेगळी.

हात बदलत नाही तर वाद्य बदलावे, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आला. याच सुमारास मोठ्या कारखान्यांतील उत्पादनामुळे ८८ पट्ट्या व १६·५ सेंमी.चे सप्तक हे माप स्थिरावत होते. हंगेरियन अभियंता पाउल फोन यांको (१८५६–१९१९) याने १८८२ मध्ये सहा पायऱ्यांचा कळफलक योजला. त्यात प्रत्येक पट्टीला तीन ठिकाणी स्पर्श करता येई, सर्व स्वरश्रेणींना एकच बोटयोजना पुरे आणि सप्तकाची रुंदी सु. १३ सेंमी. एवढीच असल्याने द्वादशही आवाक्यात येई. लिस्टने त्याची वाखाणणी केली व अमेरिकेत तशी वाद्ये तयारही झाली. परंतु शिकलेले सारे विसरून पुन्हा शिकण्यास वादक राजी झाले नाहीत. एमानुएल मोर (१८६३–१९३१) याने १९२१ मध्ये दोन मजली कळफलकाचा पियानो सादर केला. वरच्या मजल्यावरील पट्ट्या एक सप्तक उंच वाजत असल्याने करंगळी खाली व अंगठा वर ठेवून डाव्या हाताला दशम लीलया साधे. त्याची पत्नी विनिफ्रेड क्रिस्टी हिने त्यावर अनेक मैफली केल्या व डॉनल्ड टोव्ही या विद्वानाने त्याचा पुरस्कार केला, तरी अशी वाद्ये थोडकीच निघाली. हॉफमानने मात्र गाजावाजा न करता किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो स्टाइनवे कंपनीकडून करवून घेतले होते. जे सामान्य विद्यार्थ्यास मागता आले नसते, ते एका विख्यात वादकास मिळाले.

१९९० नंतर कॅनडातील क्रिस्टोफर डॉनिसन व अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे डेव्हिड स्टाइनबूलर यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि सु. १४ व १५·२ सेंमी. सप्तकाचे कळफलक तयार केले. त्यांतील लहान मापावर दशमाला लागणारा ताण प्रचलित पियानोवरील नवमाहूनही किंचित कमी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन पाहणीत ४७३ पियानोवादकांचे हात मोजण्यात आले. त्यात स्त्रियांच्या हाताचा सरासरी आवाका पुरुषांपेक्षा सु. २·५ सेंमी.ने, म्हणजे एका पांढऱ्या पट्टीहून थोड्या अधिक अंतराने, कमी आढळला. प्रचलित माप कोणत्या हाताला अनुकूल आहे, याचा उलगडा या एका आकड्याने बराचसा होतो. नव्या कळफलकासाठी वेगळा पियानो घ्यावा लागत नाही. जुना कळफलक यंत्रणेसह ओढून काढून त्याच ग्रँड पियानोत अरुंद कळफलक सरकविता येतो. पट्ट्यांच्या मागील बाजू पंख्याप्रमाणे फाकलेल्या असल्याने हातोडे त्याच तारांवर पडतात. अमेरिकेतील काही विद्यापीठांच्या संगीत विभागांत असे पियानो ठेवलेले असून मोठ्या मापाची सवय झालेल्या वादकास लहान माप अंगवळणी पडण्यास फार काळ लागत नाही, असा तेथील अनुभव आहे.